एकाच यादीची दोन नावं
घोंगडीचा उबट वास आला की कॉलेजातल्या प्रोजेक्ट-परीक्षेची सकाळ आठवते. करमाडच्या मैत्रिणीनं वडिलांच्या मेंढरांसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. कळपाच्या यादीवरून तिनं ‘लस बाकी’ अशी दुसरी यादी केली. पण लस दिलेलं मेंढरू तिथून काढलं की ते कळपाच्या यादीतूनही गायब! परीक्षक यायला दहाच मिनिटं होती. खांद्यावर घोंगडी टाकून प्रोजेक्ट बघायला आलेले तिचे वडील म्हणाले, "दुसरी यादी हाय कुठं? एकीलाच दोन नावं दिली असतील." आम्ही दोघी किंचाळलोच! कॉम्प्युटरनं नवी यादी केलीच नव्हती, नव्या नावाला जुन्या यादीचाच पत्ता दिला होता. तिनं धडाधड वेगळी प्रत बनवली. "आली का समदी मेंढरं?" "आली आबा, समदी आली!" आजही ऑफिसात असा घोळ सुटला की मी खुर्चीतून उडीच मारते.