बापाचं वय चाळीस, मुलाचं दहा

किसन मास्तर गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं. तिसगावहून त्यांच्या मुलीने, सुमनने, चार ओळी लिहिल्या होत्या: आबा गेले, त्रास झाला नाही, तेराव्यानंतर शाळेत सभा ठेवली आहे, जमलं तर या. मी गेलो. सर्वांत जुना विद्यार्थी म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं सुरू झाली आणि माझा एक वर्गमित्र, आता तालुक्यात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा, माईकपुढे उभा राहिला. "मास्तर फार भोळे," तो म्हणाला. "तरुणपणी शेवगावात एका घरी शिकवणी मागायला गेले. घरच्यांनी गणित घातलं, मास्तरांचं उत्तर चुकलं. तर मास्तर काय म्हणतात..." इथे त्याने डावा हात डाव्या कानामागे नेला, मान वाकडी केली, आवाज चढवला. "पुस्तक चुकलं हाय, अण्णासाहेब." सभा हसली. फोटोला हार, पुढे उदबत्ती, कोपऱ्यात रडून डोळे सुजलेल्या बायका... आणि सभा हसली.

आधी मीही हसलो, सवयीने. मग लक्षात आलं की ही नक्कल माझी आहे. ती मान माझी, तो थांबा माझा, वाक्याच्या शेवटी आवाज फाटू द्यायचा ती युक्तीही माझीच. मी सोळा वर्षांचा असताना ती बसवली होती, आणि तीस वर्षं झाली तरी तालुक्यात चालू आहे. तिच्यात दोन चुका आहेत, एक मोठी आणि एक छोटी. दोन्ही मी घातलेल्या. त्या सभेत उठून मी हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चहा घेतला, नमस्कार केले, घरी आलो. तेव्हापासून माझ्या अंगाची आग होते आहे, आणि चीड त्या वर्गमित्रापेक्षा माझ्यावरच जास्त आहे.

दुसरी मोठी लढाई संपून वर्षभर झालं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही शेवगावात राहायचो. वडील, म्हणजे अण्णा, कचेरीत कारकून. मुलगा मॅट्रिक झाला की आपल्याच टेबलाशेजारी टेबल, एवढं त्यांचं स्वप्न, आणि त्या स्वप्नाच्या मध्ये बीजगणित आडवं पडलेलं. मला बीजगणितात शंभरपैकी सात मार्क मिळाले होते. ते सातही अक्षर चांगलं म्हणून मिळाले असावेत. तेव्हा शिकवणी लावायची ठरली. पण मास्तर निवडायचा कसा, कारण आमच्या घरात बीजगणित कोणालाच येत नव्हतं. त्यावर आमच्या तात्यांनी तोड काढली. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले चुलतभाऊ, वकील. ते म्हणाले, "पुस्तकातलं एक गणित घालायचं. उत्तरं मागे छापलेलीच आहेत. ज्याचं जुळेल तो आपला."

एका रविवारी दोघांना बोलावलं. सतरंजी घातली, पाट मांडले, शेजारचे दोघे-तिघे गंमत बघायला आले. तात्यांनी चष्मा चढवून गणित वाचलं. बापाचं वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे. पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. तर आज दोघांची वयं काय?

आधी कुलकर्णी मास्तर. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, बोलणं असं की नुसतं ऐकूनच मूल पास व्हावं. "प्रश्न एकदा स्वतः वाचू का?" म्हणून त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. मी त्यांच्या अगदी शेजारी बसलो होतो. डोळे प्रश्नावर होते, पण अंगठा शेवटच्या पानात होता. मग त्यांनी पाऊण पान भरून सुंदर अक्षरात काहीतरी लिहिलं, मध्ये दोनदा "म्हणून" आणि एकदा "अर्थात" लिहिलं, आणि खाली रेघ मारून उत्तर मांडलं: मुलगा बारा, बाप अठ्ठेचाळीस. तात्यांनी मागचं पान उघडलं. बारा, अठ्ठेचाळीस. तात्यांनी अण्णांकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मुलगी बघायला गेले आणि पहिल्याच घरी जमलं.

मी काही बोललो नाही. अंगठ्याने गणित सोडवणारा मास्तर मिळाला तर वर्ष किती मजेत जाईल, याचा हिशेब मला बीजगणिताशिवाय जमला होता.

मग किसन मास्तर. मास्तर कसले, पंचविशीतला गडी. अंगात फौजेचा खाकी शर्ट, बटणं अजून चकचकीत. लढाईत ते तोफखान्यात होते. तोफेचं अंतर आणि उतार कागदावर काढून द्यायचं काम त्यांच्याकडे, आणि बीजगणित ते तिथेच शिकले होते, एका पंजाबी हवालदाराकडून. तोफांच्या आवाजाने एक कान गेला होता, म्हणून हात कानामागे नेऊन ऐकायचे आणि गरजेपेक्षा मोठ्याने बोलायचे. त्यांनी पुस्तक मागितलंच नाही. पाटीवर चार ओळी लिहिल्या. मुलगा क्ष, बाप चार क्ष... आणि पाटी अण्णांपुढे धरली. दहा आणि चाळीस.

तात्यांनी मागचं पान पाहिलं. पुन्हा पाहिलं. "परत करा, मास्तर."

किसन मास्तरांनी पाटीवर नजर फिरवली. "न्हाई जी. दहा-चाळीसच."

"पुस्तकात बारा-अठ्ठेचाळीस आहे."

"मग पुस्तक चुकलं हाय."

शेजारी फिसकन हसले. मास्तर अण्णांकडे वळले. "ताळा घ्या की, अण्णासाहेब. बारा आन् पाच सतरा. सतरा त्रिक..."

"मास्तर," तात्या म्हणाले, "हे पुस्तक मुंबईत छापलंय. तिसगावात नाही."

झालं, सगळी बैठक हसली. आतल्या दारातून आई म्हणाली, "घालून बघायला काय जातंय?" अण्णांनी तिकडे न बघताच तिला चहाचं बघायला सांगितलं. मास्तरांनी पाटी सदऱ्याच्या बाहीने पुसली, टोपी घातली, "येतो" म्हणाले आणि गेले.

आता माझी चीड कुठे आहे ते सांगतो. सतरा त्रिक एक्कावन्न; अठ्ठेचाळीस आणि पाच त्रेपन्न. दोन्ही जुळत नाहीत, हे कळायला बीजगणित लागत नाही. त्या सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाला तीसपर्यंतचे पाढे येत होते. तात्यांना तर अडीचाचा पाढा, अडीचकीसुद्धा. एकाने, फक्त एकाने, सतराचा पाढा तिसऱ्या पायरीपर्यंत म्हटला असता तर... पण खाकी शर्टातला माणूस "हाय" म्हणतो आणि छापील पान काहीच म्हणत नाही, तेव्हा या लोकांना पान खरं वाटतं. मला तर पाढाही म्हणायची गरज नव्हती. मी अंगठा पाहिला होता.

कुलकर्णी मास्तर लागले. वर्ष मजेत चाललं. गणपतीत आमचा मेळा असायचा, गाणी आणि नकला. मी किसन मास्तरांची नक्कल बसवली. उजव्या हातात पुस्तक, डावा हात कानामागे, आणि "पुस्तक चुकलं हाय." पहिल्या दिवशी लोक इतके हसले की पुढचे तीन दिवस मला तेवढ्यासाठीच उभं केलं. टाळ्यांची चव मला तिथे लागली, अजून सुटलेली नाही. किसन मास्तरांच्या शेवगावातल्या दोन शिकवण्या ठरत आल्या होत्या, असं मला पुढे कळलं. त्या मोडल्या. बाजाराला आले की पोरं मागे ओरडायची. ते यायचेच बंद झाले.

सहामाहीत मला बीजगणितात चार मार्क मिळाले. सातावरून चार. अण्णा जेवताना ताटावरून उठले तेव्हा भात तसाच होता. दुसऱ्या दिवशी आईने मला मागच्या दारी गाठलं आणि म्हणाली, "ज्याला हसलास त्याच्याकडे जा."

सायकल काढून तिसगावला गेलो. शेवटचे दोन मैल हातात धरूनच, कारण पंक्चर. बाजारात लिंबाखाली एक माणूस टायर काढत बसला होता. खाकी शर्ट. मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"या, किसन मास्तर," तो म्हणाला.

मी शिकवणीचं पुटपुटलो.

"शिकवीन की. पन आदी माजी नक्कल कर. लई नाव ऐकलंय."

"मास्तर..."

"कर. हितं कोन न्हाई, म्या एकलाच हाय. दात काढनार न्हाई."

मी केली. डावा हात कानामागे, मान वाकडी, पुस्तक चुकलं हाय. ते शांतपणे बघत होते, जसं ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठे येतो ते बघतात.

"कंचा कान धरलास?"

"डावा."

"डावा तर गेलाय माजा. भैऱ्या कानाला हात लावून ऐकू यील व्हय?" त्यांनी उजवा हात उजव्या कानामागे नेऊन दाखवला. "नक्कल बी ताळा न घेताच केलीस की, इनू."

माझं नाव विनायक. त्या दिवसापासून त्यांच्यापुरता मी इनू झालो.

पहिलं काम त्यांनी हे केलं की माझ्या पुस्तकातली उत्तरांची पानं मला फाडायला लावली आणि पंक्चरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. मग मार्चपर्यंत दर रविवारी लिंबाखाली, पायाशी खडूने लिहिलेली समीकरणं, वर माणसांचे पाय आणि शेळ्या. उत्तर आलं की मी डब्याकडे बघायचो. ते म्हणायचे, "डबा नगं बघू. ताळा घे." एकदा मी कंटाळून विचारलं, एवढा ताळा कशाला? त्यांनी चाकाची तार पिळता पिळता सांगितलं, "आमच्या तोफेचा एक आकडा चुकला हुता. म्या न्हाई, दुसऱ्यानं काढल्याला. गोळा आपल्याच पोरांवर पडला. तवा बी कागदावर समदं बरुबर दिसत हुतं." मग त्यांनी पुढची तार धरली.

मी पास झालो. बीजगणितात बासष्ट. पेढे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी एकच मागणं केलं. "फुडल्या गनपतीला मेळ्यात उभा राहशील तवा सांग. उत्तर दहा-चाळीस हुतं म्हून. तू सांगितलंस तर लोक ऐकतील." मी म्हटलं, सांगतो. मनापासून म्हटलं.

गणपतीला मी पुण्याच्या कॉलेजातून घरी आलो. स्टेजवर चढलो. काय बोलायचं ते तोंडपाठ होतं. लोकांनी मला पाहिलं आणि ओरडायला लागले, "किसन मास्तर, किसन मास्तर..." कोणीतरी उजव्या हातात पुस्तक कोंबलं. आणि मी... माझा डावा हात वर गेला. हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे, कंदिलाच्या पलीकडे, सायकलला टेकून किसन मास्तर उभे होते. तिसगावहून मुद्दाम आले होते, मी सांगणार होतो म्हणून. स्टेजवरून उतरून मी धावत गेलो. त्यांनी घंटी एकदा उगाच वाजवून पाहिली आणि म्हणाले, "आजून बी डावाच कान?" आणि निघून गेले.

त्यानंतरही मी तिसगावला जात राहिलो. ते चहा पाजायचे, मेळ्याचं सोडून दुनियेचं बोलायचे. गावातली किती पोरं त्यांच्या लिंबाखालून मॅट्रिक झाली ते सभेत सगळ्यांनी सांगितलंच. मी नकलांवर नाव कमावलं, गावोगाव कार्यक्रम केले. ही नक्कल मी पुन्हा कधी केली नाही, याचा मला वर्षानुवर्षं अभिमान वाटायचा. काय त्याचा उपयोग? दुरुस्त तर केलीच नाही. माझ्या गप्प बसण्यावर ती फुकट वाढत राहिली आणि त्यांच्या फोटोपुढेही हशा घेऊन गेली.

सभा संपल्यावर सुमनने माझ्या हातात तो डबा दिला. "आबा म्हणायचे, हा इनूचा आहे." घरी येऊन उघडला. रबराच्या सोल्युशनचा वास अजून होता. आत माझी पानं, पिवळी पडलेली. प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीची बारीक खूण. सगळं पुस्तक त्यांनी सोडवून, ताळा घेऊन तपासलं होतं. एकाच उत्तरावर फुली. बारा, अठ्ठेचाळीस. शेजारी दहा, चाळीस. आणि त्याखाली, त्यांच्या गोल अक्षरात: इनू मेळ्यात सांगनार.

आता मेळे राहिले नाहीत, म्हणून इथे सांगतो. दहा आणि पाच पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. चाळीस आणि पाच पंचेचाळीस. शेवगाव-तिसगावात ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट सांगून हशा घेतला, त्यांनी एकदा स्वतः ताळा घ्यावा. माझ्यावर विश्वास ठेवू नये. मी अंगठा पाहून गप्प बसलेला माणूस आहे.

डबा टेबलावर उघडाच आहे. लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची मला सवय आहे, तसं हेही वाचलं. त्यांच्या वाक्यापाशी आलो तेव्हा डावा हात आपोआप उठला. तो खाली घेतला. उजवा हात उजव्या कानामागे नेला आणि वाक्य पुन्हा म्हटलं. पुस्तक चुकलं हाय.

खोलीत कोणी हसलं नाही.