बाची पेटी माझ्या पेटीवर

बाच्या पेटीचे पाय कापून टाक, असा सल्ला मला अड्याळच्या बाजारात ज्यानं त्यानं दिला. मी कुणाचं ऐकलं नाही. एक तर मी मुळातच हेकट, आणि दुसरं म्हणजे प्रश्न नुसत्या लाकडाचा नव्हता.

बा, म्हणजे माझे वडील, सुतार. बैलबंडीची चाकं करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. पण एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि त्याचं काम आटलं. तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडी बैल करायचा, तेवढंच उरलं. बाकी वर्षभर तो ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायचा. ते मला बघवत नव्हतं. मी लोखंडाची कामं शिकून गावोगावच्या धानगिरण्या दुरुस्त करत होतो. गिरणीत लाकूडही पुष्कळ असतं. बा सोबत आला तर त्याला काम होतं, म्हणून मी त्याला कसाबसा तयार केला.

एकदा बंडी पलटून तो खाली सापडला होता, तेव्हापासून त्याचा एक खांदा अधू होता. रिकामी सायकल तो चालवी, लादलेली त्याला सावरत नसे. म्हणून दोघांची हत्यारं माझ्याच कॅरिअरवर. माझ्या पत्र्याच्या पेट्या एकीवर एक बसायच्या, कारण झाकणाला उभा काठ होता. त्याच्या सागवानी पेट्याही एकीवर एक बसायच्या, कारण त्यांना पाय होते आणि झाकणात त्या पायांपुरत्या खाचा. पण त्याची पेटी माझ्या पेटीवर ठेवली की दोन पाय काठाच्या आत, दोन काठावर, आणि सगळा डोलारा डुगडुगायचा. पहिल्याच दिवशी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उतरताना त्याची पेटी घसरली. पटाशा मुरमावर आपटल्या, त्यांच्या धारा गेल्या. बानं एकेक उचलून धोतरानं पुसली.

"तू जाय. मी नाई येत," म्हणाला आणि सायकल वळवली. पेटी घरी राहिली की बाही घरीच राहणार, हे मला तिथंच कळलं.

मग मी त्या पेट्यांच्या मागेच लागलो. मध्ये पोतं घातलं, ते सरकलं. दोरानं आवळलं तर पेटी तिरपी झाली. रागाच्या भरात माझ्या झाकणाचा काठ ठोकायला गेलो, तर झाकणच लागेना. पुन्हा सरळ करत बसलो. सायकलच विकून टाका, असं बायकोनं सुचवून पाहिलं.

पोळा जवळ आला होता आणि बा बैल करत होता. लाकडी बैलाचे चार पाय कधीच सारखे नसतात, आणि बा ते मापतही नसे. पायांना ओली काजळी लावायची, बैल पाटावर उभा करायचा, आणि डाग पडतील तिथं खाच कोरायची. बैल पाटात गच्च बसतो. जन्मभर हे बघत आलो होतो, अक्कल आता आली.

बैलासाठी कापलेला एक पाट मी न विचारता उचलला. बाच्या पेटीचे पाय काजळीनं माखले आणि तिचे डाग पाटावर घेतले. वरून चार खाचा, खालून माझ्या झाकणाच्या काठासाठी खोबण, असा बेत होता. पण पटाशी माझ्या हातची नव्हे. लाकूड भसाभस फाटू लागलं. बा थोडा वेळ बघत राहिला, मग त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं पटाशी माझ्या हातातून काढून घेतली.

"लाकूड हाये थे, लोखंड नोहे," एवढंच म्हणाला आणि पाट पुरा केला.

पोळ्यानंतर पवनीकडची एक गिरणी दुरुस्तीला मिळाली. पाळीवरून उतरताना पेटी जागची हलली नाही, आणि बा माझ्या मागेच होता. गिरणीत तो धान ओतायच्या लाकडी चाडीच्या फळ्या बदलू लागला, मी मशीन उघडली. माझे नटबोल्टचे पाने खालच्या पेटीत. कामाच्या जागी बाच्या पेटीला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपत नसे, म्हणून पाना लागला की मी त्याला बोलवायचो, तो काम टाकून यायचा, आणि दोघं मिळून त्याची पेटी उतरवायचो. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी मला वाईट वाटलं. म्हटलं, दुसरा एक पाट करू आणि उद्यापासून माझी पेटी वर ठेवू, म्हणजे तुला घडीघडी उठावं लागणार नाही.

बा दोर आवळत होता. वर न बघता म्हणाला, "राहू दे हे असंच. मंग मले हाक कोण मारन?"