पिळाची सळई आणि लोहाराचा भाता

नगरहून तिसगावची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर सळई कशी पारखावी, कशी वापरावी याची दोनशे पत्रकं होती आणि डोक्यात एक चोर. तिसगावपलीकडच्या एका गावातल्या मास्तरांनी आमच्या युवक मंडळाला कळवलं होतं, 'शाळेच्या स्लॅबसाठी कसलीशी पिळलेली सळई आली आहे, बघून जा.' बघायचं काय त्यात! भंगार पुन्हा लाटून, बिनतपासणीची सळई खपवणारे ठेकेदार मी पुष्कळ पाहिले होते. आणखी एकाला उघडा पाडायला मी निघालो होतो.

करंजी घाटात गाडी तापली. सगळे उतरलो. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. वाहकाने पाणी मागितलं, तशी एकजण म्हणाली, "मानसाला न्हाई, गाडीला कुठलं?" आणि अर्धी कळशी दिलीच.

गावात पोचलो. मास्तरांनी आधी हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) प्यायला लावलं. स्लॅब उद्या सकाळी होता. परमिटावर मोठ्या मुश्किलीने मिळालेल्या सिमेंटच्या पोत्यांत गुठळ्या धरू लागल्या होत्या, आता थांबणं शक्य नव्हतं.

मी सळईचे भारे तपासले. कारखान्याची चिठ्ठी होती, चाचणीचा दाखला होता, जाडी बरोबर होती. पीळ हा तर या सळईचा गुणच. थंड असतानाच पिळून तिची ताकद वाढवलेली असते, म्हणून ती साध्या सळईहून वरच्या प्रतीची. एकही खोट सापडेना. खरं सांगतो, मी जरा हिरमुसलो.

तेवढ्यात भात्याचा आवाज आला.

ट्रकमध्ये मावावी म्हणून चाळीस फुटी सळई मधोमध दुमडून येते. सोपानराव लोहार ती दुमड लालभडक तापवत होते आणि त्यांची बायको गंगूबाई घण घालून सरळ करत होती. साध्या सळईच्या दिवसांपासूनची त्यांची रीत : आधी सगळ्या सरळ करायच्या, मग माप, मग तोड.

"बंद करा! शाळा पाडायचीय का?" मी ओरडलो.

"हे कोन?" सोपानरावांनी मास्तरांना विचारलं.

गंगूबाईंनी घण टेकवला. "आमची नातवंडंबी तिथंच बसनार हायत, दादा. वरडू नका, सांगा."

मी सांगितलं : तापवली की पिळाने आलेली ताकद निघून जाते. सोपानरावांना पटेना. त्यांनी एक तापवलेली सळई आणि कोऱ्या, न तापवलेल्या सळईची एक सरळ बाजू दोन दगडांवर आडवी टाकली, दोन्हींवर सारखंच वजन ठेवलं आणि थोड्या वेळाने काढलं. कोरी होती तशी झाली. तापवलेली बाक धरून राहिली.

सोपानराव खाली बसले. "निम्म्या भाऱ्याची मी माती केली, मास्तर."

नवी सळई म्हणजे नवं परमिट, म्हणजे कैक महिने. मास्तरांचा चेहरा उतरला. एकदा तापवलेल्या सळईचं काय करायचं, यावर माझ्या पत्रकात काहीच नव्हतं.

"खोलीला केवढी लागतीया?" गंगूबाईंनी विचारलं.

"सोळा फूट," मास्तर म्हणाले.

"मग दोन्ही टोकांनी मापा की! मधला आठ फुटाचा तुकडा उरतोय, त्यातच तापल्याली जागा येतीया. त्याचे गज करा खिडक्यांना."

सोपानराव बायकोकडे वळले. "आदी का न्हाई बोललीस?"

"आदी कवा इचारलंत?"

छिन्नी निघाली, भाता थांबला. उरलेल्या सळया दुमड तशीच ठेवून दोन्ही टोकांकडून मापून तोडल्या. सरळ करायची गरजच उरली नाही. सकाळी सारं गाव घमेल्यांच्या रांगेत उभं राहिलं, मीही. दुपारी ओल्या स्लॅबवर गोणपाट अंथरून आम्ही खाली उतरलो.

निघताना सोपानरावांनी विचारलं, "तापवू नगा, आसं कुठं लिवलंय?"

"आमच्या पत्रकात. शेवटच्या ओळीत."

"आन् वाटता कुठं?"

"नगरला, चौकात."

गंगूबाई खदखदून हसल्या. "चौकात सळई कोन वळतंय, दादा?"

परतीच्या गाडीत ठेकेदारांवरचा राग होताच, तो अजूनही आहे. पण पत्रकं उलटी करून, हिसके खात, मी प्रत्येकाच्या कोऱ्या पाठीवर भाता काढला आणि त्यावर फुली मारली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल अशी. नगरला उतरलो तो घरी न जाता थेट सळईच्या वखारीत. कर्जतला निघालेला ट्रक भरत होता. मी तारेचा तुकडा मागून घेतला आणि पहिलं पत्रक बरोबर दुमडीच्या जागी बांधलं.