जानराव मैलकुलीचं म्हणणं

अमडापूरहून जानेफळकडे जाणाऱ्या रस्त्यातले आठ किलोमीटर एकतीस वर्षं जानराव सरकटे यांच्या हवाली होते. खात्याच्या कागदावर त्यांचं पद मैलकुली. मैल जाऊन किलोमीटर आले त्यालाही जमाना झाला, पण पदाचं नाव कोणी बदललं नाही. सकाळी फावडं-घमेलं घेऊन निघायचं, आपल्या वाट्याचा रस्ता पायी पाहायचा, खड्डा दिसला की मुरूम टाकून ठोकायचा, साइडपट्टीचं गवत काढायचं आणि पावसाळा तोंडावर आला की रस्त्याखालच्या मोऱ्यांतला गाळ उपसायचा, असं ते काम. माणूस आपल्या वावराला जपतो तसे जानराव त्या रस्त्याला जपत. कोणी नांगर डांबरावरून फरफटत नेताना दिसला, की ते बैलांपुढे आडवे उभे राहत आणि नांगर उचलून गाडीत टाकल्याशिवाय त्याला हलू देत नसत. त्यापायी त्यांनी शिव्याही खाल्ल्या. खात्याचा रोड रोलर चालवणारे फकीर मोहम्मद त्यांचे जुने जोडीदार. याच्या रस्त्यावर थुंकायचं असलं तरी आधी अर्ज द्यावा लागतो, असं ते चारचौघांत सांगत.

सहा वर्षांपूर्वी जानराव निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस आला नाही. दुरुस्तीचं काम ठेक्यावर गेलं; वर्षातून एकदा गाडी यायची, खड्ड्यांवर काळं थापून जायची. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तिसऱ्या किलोमीटरची मोरी तुंबली आणि पाणी रस्त्यावरून वाहू लागलं. पाण्याखाली डांबर खचलंय हे कोणाला दिसणार? गावातल्या अंगणवाडी सेविका शालूबाई भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून येत होत्या. गाडी त्या खड्ड्यात गेली. भाऊ वाचला, शालूबाई वाचल्या नाहीत. जानराव अंत्ययात्रेला गेले, परत आले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. बायको रुख्मिणीबाईंनी पुष्कळ विचारलं, पण त्यांनी काही सांगितलं नाही.

त्यांचा मुलगा प्रसेनजित याच रस्त्यावर पोट भरत होता. जानेफळ ते चिखली त्याची काळी-पिवळी जीप चालायची. स्टँडवर नंबर लावायचा, माणसं भरली की निघायचं, असे दिवसातून चार फेरे. बत्तीस वर्षांचा, बापासारखाच कमी बोलणारा. दोघांचं एकमेकांशी भांडण असं कधी नव्हतं.

ते आलं मागच्या वर्षी. गाडीवाल्यांकडून वर्षाचा ठरलेला कर घेण्याऐवजी, जो जितके किलोमीटर गाडी चालवेल तितका पैसा त्याच्याकडून घ्यायचा, असा विचार वर चालू असल्याची बातमी आली. गाडीत एक यंत्र बसणार, ते उपग्रहावरून किलोमीटर मोजणार. अजून काही ठरलं नव्हतं, लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. पण लोकांना बोलायला तेवढं पुरलं. चहाच्या टपरीवर, केस कापायच्या दुकानात, जीपच्या मागच्या बाकावर तोच विषय. धान्याचे व्यापारी म्हणत, विजेचं मीटर असतं तसंच हे, जाळेल तो भरेल. दूरच्या खेड्यातले लोक म्हणत, आम्ही काय हौसेनं फिरतो? दवाखाना तिकडे, कॉलेज तिकडे, कचेरी तिकडे. जो गावातच राहतो त्याला काही नाही आणि आम्ही लांब राहतो म्हणून आम्हालाच जास्त. काहींना यंत्राचीच धास्ती होती. आपण कुठे गेलो, किती वाजता गेलो, हे कोणाकोणाला दिसणार?

जीपवाल्यांच्या संघटनेचे प्रमुख नारायणराव यांनी सगळ्या स्टँडांवर निरोप दिला की चिखलीच्या जनसुनावणीला झाडून सगळ्यांनी यायचं आणि एकमुखानं नको म्हणायचं.

जानरावही गेले. प्रसेनजितला वाटलं, बाबा आपल्यासाठी येत आहेत.

चिखलीतल्या एका मंगल कार्यालयात सुनावणी होती. खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. बाहेरगावच्या उपकेंद्रात जाणाऱ्या एका नर्सबाईंनी, माझी स्कूटर म्हणजे माझी नोकरी आहे, तिच्यावर किलोमीटरने पैसा लावाल तर कामावर जाण्याचाच दंड होईल, असं शांतपणे सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मग नारायणराव बोलले. मग कोणीतरी म्हणालं, जुने मैलकुली आले आहेत, त्यांनाही बोलू द्या.

जानरावांनी आयुष्यात माइक हातात धरला नव्हता. त्यांनी सगळ्यांना जय भीम, नमस्कार केला आणि म्हणाले, "मी एकतीस वर्षं रस्त्यावर होतो. जो रस्ता वापरते त्यानं त्याच्यासाठी पैसा द्यावा, याले माही ना नाही."

मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. जानराव थांबले नाहीत.

"पन माह्या दोन गोष्टी लिहून घ्या, साहेब. रस्ता किलोमीटरनं नाही फुटत, वजनानं फुटते. जीप वर्षभर गेली तरी डांबराले समजत नाही. रेतीचा भरलेला टिप्पर एका पावसाळ्यात मोरी बसवते. दुसरं असं, पैसा घ्याचा तर रस्त्यावर मानूस ठेवा. मोरीतला गाळ यंत्राले दिसत नाही. मानूस ठेवत नसान तर एक रुपया मागू नका."

एवढं बोलून ते खाली बसले. पण दोन गोष्टींचा भाग कुजबुजीत अर्ध्या लोकांना ऐकूच गेला नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एका कोपऱ्यात त्यांचा फोटो आला आणि वर मथळा: जुन्या मैलकुलीचा किलोमीटर-कराला पाठिंबा. टिप्परचं नाव नव्हतं, माणसाचं नव्हतं, मोरीचं नव्हतं.

त्या सकाळी प्रसेनजित स्टँडवर गेला तेव्हा त्याचा नंबर कोणी धरला नव्हता. तो रांगेत उभा राहिला की पुढची गाडी निघायची आणि मागची पुढे यायची. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. त्याच्या जीपमध्ये बसलेल्या माणसांना हाक मारून दुसऱ्या जीपमध्ये बसवलं, इतकंच. दुपारी तो रिकामी गाडी घेऊन घरी आला आणि पेपर बापासमोर ठेवून अंघोळीला गेला.

असे नऊ दिवस गेले. प्रसेनजित घरात वावरायचा, जेवायचा, पण बापाशी एक शब्द नाही. रुख्मिणीबाई दोघांची ताटं एकदम वाढायच्या म्हणजे निदान समोरासमोर बसतील. दोघंही खाली मान घालून जेवून उठायचे. जानरावांना आपण चुकलो असं वाटत नव्हतं आणि बरोबर होतो असंही म्हणवत नव्हतं. पोराच्या हातचं काम आपल्या बोलण्यानं गेलं, एवढंच डोळ्यांसमोर राहायचं.

दहाव्या दिवशी ते कोणाला न सांगता स्टँडवर गेले. नारायणराव तिथेच होते. त्यांनी जानरावांना खुर्ची दिली, चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता. साठ-सत्तर घरांचा भार डोक्यावर घेतलेला माणूस बोलतो तसा बोलत होता.

"काका, तुमचं मन मले माहीत आहे," नारायणराव म्हणाले. "पन पेपरात आलं ते आलं. आता तुमच्या सहीचा कागद लागन."

कागद तयार होता. किलोमीटरवरचा कुठलाही कर मला मान्य नाही, असं त्यात होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती: सुनावणीत मी जे बोललो ते अधिकाऱ्यांनी शिकवल्यावरून बोललो. जानरावांनी ती ओळ दोनदा वाचली. ही काढता येईल का, असं त्यांनी विचारलं. ती ओळ नसली तर कागदाला वजन राहत नाही, असं उत्तर मिळालं. बाजूला पाच-सहा ड्रायव्हर उभे होते. जानरावांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजितला नंबर मिळाला. त्यानं चार फेरे केले आणि दिवेलागणीला घरी आला, तो तडक बापाच्या खाटेशी.

"तुम्ही खोटं काऊन लिहून देलं, बाबा?"

दहा दिवसांनंतरचा हा पहिला शब्द होता. जानराव म्हणाले, "तुह्यासाठी."

"मी म्हनलं होतं का? मले राग आला होता तो तुम्ही तिथं बोलले म्हनून. तुम्ही खोटं बोलले असं माह्या मनात कधी आलं नाही. आता सारा स्टँड म्हनून राह्यला का सरकटेले सायबानं पढवून आनलं होतं. मले ते ऐकत गाडी चालवा लागते."

रुख्मिणीबाई दारात उभ्या होत्या. भांडण वाढतं की काय असं त्यांना वाटलं. पण जानराव रडायला लागले आणि प्रसेनजित खाटेवर बसला. त्यानं बापाला आजवर रडताना पाहिलं नव्हतं. मग तो म्हणाला की तुमचं खरं म्हणणं आपण लिहून देऊ, बुलढाण्याच्या कचेरीत जाऊन, सहीशिक्क्यानं.

रविवारी बापलेक लिहायला बसले. फकीर मोहम्मदही आले; सुनावणीत ते भिंतीशी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, साक्षीदार म्हणून सही करणार होते. जानराव सांगत होते, प्रसेनजित लिहीत होता. वजनाचं झालं, माणूस ठेवण्याचं झालं. मग जानराव म्हणाले, "आता हे लिही. तिसऱ्या किलोमीटरच्या मोरीच्या तोंडाशी तुराट्या अडकल्या होत्या. त्या मी शालूबाई जायच्या पंधरा दिवस आधी पाह्यल्या."

प्रसेनजितचा पेन थांबला.

"दोनदा कचेरीत सांगून आलो. पन मी सोता उतरलो नाही. घरात फावडं होतं. गुडघे दुखत होते, आन मनात म्हनलं, आता हे माह्यं काम नाही. अर्ध्या तासाचं काम होतं ते."

हे लिहायची गरज नाही, त्यात तुमचा काय दोष, असं प्रसेनजितनं समजावून पाहिलं. फकीर मोहम्मदांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "लिख, बेटा," ते म्हणाले. "हे त्याच्या छातीवर चार साल से बसून आहे." मग बापानं सांगितलं तसंच प्रसेनजितनं लिहिलं.

सोमवारी त्यानं स्टँडवरचा नंबर सोडला आणि बापाला जीपमध्ये पुढे बसवून बुलढाण्याला नेलं. खिडकीवरच्या माणसानं कागद घेतला, तारीख पाहिली आणि सांगितलं की म्हणणं देण्याची मुदत शुक्रवारी संपली. घेत नाही असं मात्र तो म्हणाला नाही. मुदतीनंतर प्राप्त, असा शेरा मारून त्यानं पोच दिली. आमचा कागद कोणी वाचणार का, असं जानरावांनी विचारलं. फाइलला लागेल, असं उत्तर आलं.

कागदाची बातमी स्टँडवर पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. आता प्रसेनजितचा नंबर पुन्हा गेला, आणि या वेळी तो मागायलाही गेला नाही. त्यानं अमडापूरहून खामगावकडच्या फेऱ्या धरल्या. तिकडे ओळखी नव्हत्या, माणसं कमी मिळायची, आधीचे गाडीवाले कुरकुरायचे. निम्म्या वेळा जीप अर्धी रिकामी धावायची. रुख्मिणीबाईंनी एकदा नारायणरावांच्या घरी जाऊन बोलून पाहिलं. चहा पिऊन त्या परत आल्या.

पावसाळ्याआधी ठरलं ते असं की योजनेचा प्रयोग काही मोजक्या रस्त्यांवर करायचा आणि सुरुवात प्रवासी जीपगाड्यांपासून, कारण त्यांची नोंद सोपी. टिप्पर पुढच्या टप्प्यात. जीपवाल्यांनी दोन दिवस गाड्या बंद ठेवल्या, नंतर एकेकानं यंत्र बसवून घेतलं. प्रसेनजितच्या जीपमध्येही बसलं. पैसा अजून कापत नाहीत, नुसते किलोमीटर मोजतात. जानरावांच्या आठ किलोमीटरवर माणूस आलेला नाही.

गेल्या महिन्यात शालूबाईंचा भाऊ घरी आला होता. कागदातली ती गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. तो अंगणात बराच वेळ बसला. जानराव त्याच्यासमोर उभेच होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. जाताना तो एवढंच म्हणाला की आतापर्यंत यात आपली चूक होती असं कोणीच म्हटलं नव्हतं. माफ केलं की नाही, ते जानरावांना त्यावरून कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

परवा पेपरात पुढच्या सुनावणीची तारीख आली, या वेळी मेहकरला. जानरावांनी ती बातमी कापून प्रसेनजितला दाखवली. प्रसेनजित यंत्राची वायर नीट करत होता. त्यानं कागद घेतला, वाचला, खिशात ठेवला.

"जाऊ," तो म्हणाला. "पन या वेळेस मुदतीच्या आधी लिहून देऊ."