मागमामांची खटखट

रविवार, सकाळ. हजर: मागमामा, मामी आणि शेजारीण म्हणून मी. काम: कंपनीच्या तक्रारीला उत्तर देणे.

मामांना खटखटीशिवाय गाता येत नसे. आमच्या मोहल्ल्यात, लोधीपुऱ्यात, आमच्या भिंतीला लागून त्यांचा एकुलता एक यंत्रमाग होता. तो थांबला की मामाही ओळीच्या मध्येच थांबायचे. "ठेका गेला, आता काय गाऊ?" गाणं तरी कसलं, कापडाच्या व्यापाऱ्यांच्या घासाघिशीची नक्कल. व्यापारी मुद्दाम ऐकायला यायचे, पोट धरून हसायचे, भाव मात्र वाढवायचे नाहीत.

मामांकडे मागितलं की मिळायचं. इंदूरचा एक तरुण प्रायोगिक संगीत करायचा. मामांनी फोनवर टिपलेला मागाचा आवाज त्याला देऊन टाकला. "घेऊन जा भाऊ, याला काय सूत लागतं?" त्याने तो आपल्या गाण्यात घातला आणि ते गाणं एका संगीत कंपनीला विकलं. पुढे माग भंगारात गेला. मग मामांनी त्याच जुन्या खटखटीवर आपली नक्कल गाऊन इंटरनेटवर व्हिडिओ टाकला. कंपनीची तक्रार आली: मागाचा आवाज आमचा आहे. व्हिडिओचं चित्र राहिलं, आवाज सगळाच बंद झाला, मामांचा गळासुद्धा. ज्यांची नक्कल केली त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

"माझाच माग, अन् मालक दुसराच? मजा हाये, ताई."

मी त्या तरुणाला फोन केला. त्याला खरंच वाईट वाटलं. "दीदी, मेरे हाथ में कुछ नहीं. सब कंपनी के पास है."

म्हणून त्या रविवारी उत्तराचा अर्ज भरायला बसलो. मागाचा फोटो, वीजबिल, सगळं जोडलं. शेवटचा प्रश्न होता: या आवाजाचे मूळ निर्माते तुम्हीच आहात का?

"मी कसा? आवाज तर मागाचा. अन् माग सुरतचा."

"मामा, नुसतं हो म्हणा."

मामी म्हणाल्या, "जन्मभर व्यापाऱ्यांशी खोटं बोलले, आज कुठून सत्य सुचलं?"

"व्यापाऱ्याला माहीत राहतं ना, मी खोटं बोलून राहिलो म्हणून. उद्या बघू."

थंडीत मामा गेले. फोन भरला म्हणून फोनमधला मूळ व्हिडिओ त्यांनी आधीच पुसला होता. त्यांच्या गळ्याचं दुसरं काही कुणाकडे नाही. मामी रोज इंटरनेटवरचा तो मुका व्हिडिओ लावतात. मामांचे ओठ हलतात. "आवाज आला का गं?" त्या भिंतीपलीकडून विचारतात.

अर्ज अजून उघडाच आहे. शेवटच्या प्रश्नापुढे हो की नाही एवढंच लावायचं राहिलंय. खाली सूचना आहे: उत्तर निर्मात्याने स्वतः द्यावे.