व्याह्यांबरोबर रबरी गांडुळं निवडताना

चिपळूणहून निघताना माझ्या बॅगेत कोकमं, तिरफळं, घरचा मसाला आणि जावयासाठी केलेली एक सोन्याची अंगठी होती. अंगठी द्यायचीच असं मात्र ठरलं नव्हतं. आधी माणूस पाहायचा, मग ठरवायचं, असा माझा बेत. आमची सुनंदा नॉर्थ कॅरोलायनाला शिकायला गेली आणि टॉम नावाच्या तिथल्याच वर्गमित्राशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली, त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. लग्नाला आम्ही गेलो नाही. ह्यांच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे ठणठणीत होते, खरं कारण मी होते. शेवटी जानेवारीत ह्यांनी गुपचूप माझं एकटीचं तिकीट काढून आणलं आणि म्हणाले, "तू बघून ये. तुझं समाधान झालं की माझं झालंच."

मी बावीस वर्षं मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. त्यामुळे कुठेही गेलं तरी समोरच्याची परीक्षा घेणं हे आपलं काम, अशी माझी समजूत. मुंबई, लंडन, न्यूयॉर्क आणि तिथून एका लहानशा विमानाने रॅली शहर, अशी मजल मारून उतरले तेव्हा अंगात दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला माकडटोपी आणि पायांत ह्यांचे लोकरी मोजे होते. सुनंदाने मला मिठी मारली. तिच्यामागचा उंच गोरा मुलगा माझ्या पायांशी वाकला, तेव्हा तो घसरून पडतोय असं वाटून मी त्याची कॉलर धरली. जावयाशी माझी पहिली भेट ती अशी झाली.

त्यांचं घर कॅरी नावाच्या गावात होतं. पाइनची उंच झाडं, एकासारखी एक विटांची घरं आणि रस्त्यावर चालणारं माणूस औषधालाही नाही. टॉम सकाळी गाडी घेऊन कामावर जायचा आणि संध्याकाळी येऊन भांडी घासायचा. तिसऱ्या दिवशी मी अंगठी देऊन टाकली. दीड वर्ष जपलेला राग तीन दिवसांत संपावा, हे माझ्या लौकिकाला शोभणारं नव्हतं. म्हणून उरलेला राग मी व्याह्यांकडे वळवला.

व्याही म्हणजे टॉमचे वडील, हॅल. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, अर्ध्या तासाच्या अंतरावर एकटेच राहणारे. ते मला भेटायला आले, पण घरात आले नाहीत. ड्राइव्हवेमध्ये (घरापुढच्या गाडी लावायच्या जागेत) आपल्या ट्रकपाशी टोपी हातात धरून उभे राहिले.

"आई, ते कधीच आत येत नाहीत," सुनंदा हळूच म्हणाली. "काहीतरी एक्सक्यूज देतात. तू मनावर घेऊ नकोस."

मी लगेच मनावर घेतलं. आपल्या मुलीच्या घरचं पाणी चालत नाही या माणसाला, असं मी मनात लिहून ठेवलं.

अंगणातल्या थंडीत बोलायला विषय सुचेना, तेव्हा टॉमने सांगितलं की मी मासे फार छान करते. हॅलचा चेहरा एकदम खुलला. मला मासेमारी आवडते का, असं त्यांनी विचारलं. मासे विकत घेणं आणि पकडणं यांतला फरक मला कळत होता. तरी मी म्हटलं, "माशांतलं मला सगळं कळतं." शनिवार ठरला.

शनिवारी सकाळी तळ्यावर जाण्याआधी आम्ही आमिषाच्या दुकानात थांबलो. लाकडी दुकान, मधोमध शेगडी आणि एक अख्खी भिंत पारदर्शक पिशव्यांनी भरलेली. पिशव्यांत रबरासारख्या मऊ प्लास्टिकची गांडुळं, सरडे, शेपटीवाले किडे. जांभळे, काळे, हिरवे, चमकी लावलेले. आम्हाला पकडायचा होता बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा).

"तुम्हीच निवडा," हॅल म्हणाले.

बाजारात पापलेटं पारखावीत तशी मी पिशव्या उचलून उजेडात धरल्या. बऱ्याच विचारान्ती एक गांडूळ पसंत केलं. वीतभर लांब, लालभडक, त्यात सोनेरी चमकी आणि शेपूट जिलबीसारखं वळलेलं. भुकेला मासा मोठ्या घासावर धावेल, हे त्यामागचं माझं शास्त्र.

दुकानाची मालकीण डॉटी, माझ्याच वयाची असेल. ती म्हणाली, "ते उन्हाळ्यातलं, मॅम. आत्ता पाणी गारठलंय. मासा तळाशी जाऊन पडलाय. त्याला भूक थोडी आणि हलायचा कंटाळा. एवढ्या मोठ्या गांडुळामागे धावतंय कोण?"

तिने माझ्यासमोर दुसरं ठेवलं. बोटाएवढं, मळकट तपकिरी, शेपूट सरळ. कुणी फेकून दिल्यासारखं दिसणारं.

"मासा सुस्त, म्हणून लहान. पाणी नितळ, म्हणून रंग साधा. सरळ शेपूट फार वळवळत नाही, तेच त्याला हवंय. आता दोन्ही दाबून बघा."

मी दाबलं. लाल चिवट होतं आणि तपकिरी खरवसासारखं मऊ. थंडीत प्लास्टिक कडक होतं, कडक लागलं की मासा थुंकून टाकतो, म्हणून हिवाळ्यात मुळातच मऊ घ्यायचं, असं तिचं म्हणणं. मी हुंगून पाहिलं, तर चक्क बडीशेपेचा वास. माशांना तो आवडतो म्हणे. आमच्याकडे बडीशेप जेवणानंतर देतात, हे मी तिला सांगितलं.

मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि लालच घेतलं. हॅलनी तपकिरी घेतली आणि पिशवी कोटाच्या आत, शर्टाच्या खिशात ठेवली.

तळ्यावर पाण्यातून वाफा निघत होत्या. काठची झाडं निष्पर्ण, आवाज फक्त वल्ह्यांचा. नऊवारी-पाचवारीचा विचार न करता कुणीतरी बांधलेल्या त्या होडीत मी साडी, टॉमचा कोट आणि शाल सावरत बसले. हॅलनी गळ कसा फेकायचा ते दाखवलं. मी हात मागे नेला आणि जोरात फेकला. आकडा माझ्याच माकडटोपीत अडकला आणि टोपी उडून तळ्यात पडली. हॅलनी दोरी गुंडाळत ती ओढून आणली, पिळली आणि गंभीर चेहऱ्याने माझ्या हातात दिली.

"आजचा पहिला," ते म्हणाले.

पुढच्या दोन तासांत हॅलनी दोन मासे पकडले. मी दर मिनिटाला गळ ओढून बघत होते आणि मध्ये मध्ये त्यांना कोकणातल्या खाडीची माहिती देत होते. कान बधिर झाले तेव्हा अखेर मी म्हटलं, "ते तपकिरी द्या बघू."

त्यांनी खिशातून काढून दिलं. अंगाच्या उबेने ते मऊ राहिलं होतं.

"तळाला जाऊ द्या. मग काही करू नका."

"किती वेळ?"

"तुम्हाला वाटेल त्याच्या दुप्पट."

काही न करणं मला आयुष्यात जमलेलं नाही. हात बांधले गेले, तेव्हा तोंड सुटलं. मी विचारलं, "माझ्या मुलीच्या घरात तुम्ही पाऊल का टाकत नाही? आम्ही तुम्हाला कमी वाटतो का?"

हॅलनी आपला गळ गुंडाळून होडीत आडवा ठेवला.

"मी लग्नाला गेलो नव्हतो," ते म्हणाले. "टॉमला नको ते बोललो होतो. लग्नाच्या दिवशी सकाळी सूट चढवला, ट्रकमध्ये जाऊन बसलो आणि दुपारपर्यंत तसाच बसून राहिलो."

नेमकी तेव्हाच माझी दोरी जड झाली. हळूच, ओलं फडकं लागल्यासारखी. ओढायला हवं हे मलाही कळत होतं. पण समोरचा माणूस थांबत थांबत बोलत होता, आणि तो एकदा थांबला असता तर पुन्हा बोलला नसता. मी हात हलवला नाही.

"दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन आला," ते म्हणाले. "माझी तब्येत बरी आहे ना, हे विचारायला. तेव्हापासून तिच्यासमोर मान वर होत नाही माझी. म्हणून बाहेर उभा राहतो."

दोरी पुन्हा हलकी झाली.

"मीही नव्हते गेले," मी म्हटलं.

"तुम्ही जगाच्या दुसऱ्या टोकाला होतात."

"यायचं नव्हतं, म्हणून आले नाही. मुलीला खोटं कारण सांगितलं."

एवढं मी आजवर ह्यांच्याकडेही कबूल केलं नव्हतं. होडी मंद डुलत होती. हॅल म्हणाले, "मघाशी तुमच्या गळाला मासा होता."

"होता."

"मग ओढला का नाही?"

"तुम्ही बोलत होतात."

ते हसले नाहीत. थर्मासमधली उरलेली कॉफी त्यांनी माझ्या कपात ओतली.

परत आल्यावर त्यांनी माशांची पिशवी ट्रकपाशीच माझ्या हातात दिली आणि निघायला वळले. मी म्हटलं, "आत या. इथल्या सुऱ्यांनी मला मासे साफ करता येत नाहीत." ही थाप होती, पण बावीस वर्षांच्या नोकरीत कमावलेल्या आवाजात मारलेली. त्यांनी पायपुसण्यावर बूट इतका वेळ पुसले, की सुनंदा दार उघडून बघायला आली. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग बाजूला झाली आणि मराठीतच म्हणाली, "या." आतमध्ये टॉम हातात फडकं घेऊन उभा राहिला, तो उभाच.

मी डब्यातलं नारळाचं दूध आणि तिरफळं घालून कालवण केलं. बासला आपल्या माशांची चव नाही, हे मी नमूद करून ठेवते. हॅलच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं, ते तीन ग्लास पाणी प्यायले आणि त्यांनी आणखी रस्सा मागितला. लग्नाचा विषय कुणी काढला नाही. जाताना त्यांनी सुनंदाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दीड महिन्याने मी घरी परतले. अमेरिकेत काय पाहिलं, असं लोक अजून विचारतात. मी उंच इमारती आणि रुंद रस्त्यांचं सांगते, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. इतक्या लांब जाऊन मी माझ्यासारखंच चुकलेलं एक माणूस पाहिलं, आणि त्याला बघून माझं मन हलकं झालं, हे कसं सांगणार?

मे महिन्यात सुनंदाचं पत्र आलं. हॅल आता दर रविवारी येतात, असं तिने लिहिलं होतं. 'आई, तू त्यांना बोलावून गेलीस आणि मासे साफ करावे लागतात मला. टॉम पळून जातो. या रविवारी सात होते.'

मी ते ह्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, "पोरगी वैतागलेली दिसते."

ह्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"पुढच्या वेळी मीही येतो," ते म्हणाले.