कैरोस येणार होता

आता या गोष्टीची आमच्या बांदा गावात भलतीच आवृत्ती फिरतेय. खरी फक्त तुम्हाला सांगते. बाहेर बोललात तर याद राखा!

मी मराठीची बाई, आता निवृत्त. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मुलगी पुण्याला. घरात बोलणारे दोघं, मी आणि कुकर. त्यातही कुकर जास्त बोलतो.

आमच्या चर्चचे नवे फादर गोव्याचे. त्यांना प्रवचन मराठीत करायचं असतं, म्हणून ते माझ्याकडून भाषा तपासून घेतात. गुरुवारी त्यांचा फोन आला. खरखर तर इतकी, की विचारू नका!

"बाई, या रविवारी कैरोस!"

कार्लोस, सांतोस, तसा कैरोस. असेल कुणी त्यांचा गोव्याचा दोस्त!

"किती वाजता येतील?"

फादर खूश. "तोच तर मुद्दा! तो सांगून येत नाही. आला की ओळखायचा, दार उघडायचं. नाहीतर निघून जातो."

"माझ्याकडे येतील?"

"का नाही? तुमच्याकडेसुद्धा!"

"मासे खातात ना?"

फादर एवढे हसले की फोनच बंद पडला. मी समजले, खातात.

अहो, कित्येक वर्षांत माझ्याकडे कुणी जेवायला आलं नव्हतं! मी पडदे धुतले, सुरमई सांगून ठेवली. शेजारच्या सुमनने कुंपणावरून विचारलंच, "बाईनू, कोण येतलो?"

"गोव्याचे एक गृहस्थ."

"एकटेच?"

"एकटेच."

झालं! रविवारी सकाळी सुमन आणि तिच्या दोघी जावा माझ्या स्वयंपाकघरात हजर. एक खोबरं खवतेय, एक सोलकढी ढवळतेय, आणि सुमन माझी साडी बदलायला निघालीय! हसून हसून पोटं दुखली. चर्चला मी गेलेच नाही. पाहुणा यायचा आणि दाराला कुलूप?

पण अकरा वाजले आणि मला धास्ती. एवढ्या बायका बघून तो भला माणूस बिचकला तर?

"आता जावा गो घराक, तो येतलो!" म्हणत तिघींना मी अक्षरशः हाकललं.

मग बसले फाटकाकडे बघत. बारा वाजले. एक. दोन.

अडीचला फाटक वाजलं. फादर!

"बाई, आज आला नाहीत? बरं नाही का?"

"तुमचे कैरोस कुठायत?"

फादर मांडलेल्या दोन पानांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, तो माणूस नाही हो. ग्रीक शब्द आहे. घड्याळातली वेळ वेगळी, आणि देवाने भरून पाठवलेला क्षण वेगळा. तो समोर आला की माणसाने हो म्हणायचं. आजचं प्रवचन तेच होतं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही कुठे म्हणतो आपण? आपलं लक्षच भलतीकडे असतं."

कुंपणापलीकडून तिघी जावांचं हसणं ऐकू येत होतं. फादर जेवून आले होते, तेही गेले. मी एकटीचं पान वाढून घेतलं. एवढी ताजी सुरमई, पण अर्धी तशीच झाकून ठेवली.

सोमवारी सुमन कुंपणाशी तयारच.

"बाईनू, इलो काय पावणो?"

काय सांगणार?

"इलो, नि गेलोसुद्धा."

"दिसाक कसो होतो?"

"माका खंय दिसलो गो!" मी म्हटलं. "मी फाटकाकडे बघीत होतंय!"